रुतलेले नख

रुतलेले नख किंवा अंतर्वर्धित नख हा पायाच्या नखाचा नेहमी आढळणारा विकार आहे. यात नखाची कड किंवा कोपऱ्यात राहिलेले अणकुचीदार टोक शेजारच्या त्वचेत घुसते. त्यामुळे तेथे वेदना व सूज निर्माण होते आणि पुढे पू होतो. बहुतांश वेळा हा विकार पायाच्या अंगठ्याला होतो. वैद्यकशास्त्रात त्याला ओनिकोक्रिप्टोसिस म्हणतात. या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ 'लपलेले नख' असा आहे.

बोलीत याला पुष्कळदा सरसकट नखुरडे म्हटले जाते, परंतु ते अचूक नाही. नखुरडे म्हणजे नखाभोवतालच्या त्वचेचा जंतुसंसर्ग. तो हाताच्या बोटांनाही होतो आणि त्यासाठी नख रुतलेले असावेच लागते असे नाही. हा भेद केवळ शब्दांचा नाही. नखुरड्यातील पू निघून गेला की ते सहसा बरे होते. रुतलेल्या नखाचे टोक मात्र मांसात जागेवर असेपर्यंत प्रतिजैविके घेऊनही दुखणे पुन्हा परतते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'चिप्प' आणि 'कुनख' असे नखाचे दोन विकार सांगितले आहेत. नखालगतच्या मांसात दाह व पाक होणे हे चिप्पाचे लक्षण असून ते नखुरड्याशी अधिक जुळते.

नखाची वाढ

नख वाढते ते केवळ त्याच्या मुळापासून. हे मूळ बोटाच्या मागील बाजूस त्वचेखाली झाकलेले असते. बाहेर दिसणारा कठीण भाग केरॅटिन या प्रथिनाचा बनलेला असून तो निर्जीव असतो, म्हणूनच नख कापताना दुखत नाही. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे संपूर्ण नख नव्याने येण्यास १२ ते १८ महिने लागतात.

नखाच्या पुढच्या कडेला मध्यभागी खाच पाडली की दोन्ही बाजू आत ओढल्या जाऊन रुतणे थांबते, असा एक समज बराच रूढ आहे. निर्जीव भागात पाडलेल्या खाचेचा मुळातील वाढीवर कोणताही परिणाम होत नसल्याने या उपायात तथ्य नाही.

कारणे

सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे नख कापण्याची चुकीची पद्धत. हाताची नखे कापतात त्याप्रमाणे पायाचे नखही कोपऱ्यात खोल व गोलाकार कापले जाते. नेलकटरचे वक्र पाते त्याला हातभारच लावते. कोपरा त्वचेच्या आड असल्याने पूर्ण कापला जात नाही आणि तेथे काट्यासारखे टोक उरते. नख पुढे सरकू लागले की हे टोक मांसात शिरते. दुखू लागले म्हणून तोच कोपरा पुन्हा कोरून काढला जातो. दाब तात्पुरता हटल्याने त्या दिवशी खरोखरच बरे वाटते, पण नखाची कड आणखी आखूड झालेली असते आणि मोकळ्या झालेल्या जागेत सुजलेली त्वचा पसरते. काही आठवड्यांनी वाढत आलेले नख थेट त्या त्वचेवर आदळते. अनेक रुग्णांचे दुखणे वर्षानुवर्षे चालू राहते ते या तात्काळ मिळणाऱ्या आरामामुळेच.

पुढून निमुळते किंवा आखूड झालेले बूट हे दुसरे कारण. वाढत्या वयातील मुलांचा पाय शैक्षणिक वर्ष संपण्यापूर्वीच शाळेच्या बुटाबाहेर जाऊ पाहतो, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. याच वयात पायांना घाम अधिक येतो आणि ओलसर, मऊ त्वचेत नख सहज घुसते. चपलेत बोटांवर असा दाब पडत नाही; ठेच मात्र चपलेतच अधिक लागते आणि त्या इजेनेही नखाची दिशा बदलू शकते. वार्धक्यात नख जाड व वाकडे होते, वाकून ते नीट कापताही येत नाही. काहींना कमानदार नख आनुवंशिकतेने मिळते. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या औषधामुळेही काही जणांत हा त्रास उद्भवतो.

दोष नखाचा की त्वचेचा, यावर मतभेद आहेत. वॅन्डेनबॉस व बाउअर्स या शल्यचिकित्सकांनी १९५९ साली असे मांडले की नख मुळात सदोष नसते. शरीराच्या भाराने कडेची अतिरिक्त त्वचा नखावर चढते. त्यांच्या पद्धतीत नखाला हात न लावता केवळ ती त्वचा काढली जाते.

अवस्था

हाइफेट्झ यांनी १९३७ साली केलेले तीन अवस्थांचे वर्गीकरण आजही वापरले जाते. पहिल्या अवस्थेत कड लाल होते, किंचित सुजते व दाबल्यास दुखते. दुसऱ्या अवस्थेत संसर्ग होऊन पू किंवा पाणी वाहते. तिसऱ्या अवस्थेत जखमेवर लालभडक, ओलसर व धक्का लागताच रक्त येणारे मांस वाढते आणि कडेची त्वचा जाड होऊन नखावर येते.

घरगुती काळजी

पहिल्या अवस्थेत घरी उपाय करता येतात. पाय दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवावा व नंतर पूर्ण कोरडा करावा. मऊ झालेल्या नखाचा कोपरा हलकेच उचलून त्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवावी आणि ती रोज बदलावी. चिकटपट्टीचे एक टोक नखालगतच्या त्वचेवर लावून ती नखापासून दूर ओढत बोटाभोवती तिरकी गुंडाळल्यासही दाब कमी होतो. कोपरा त्वचेच्या पुढे येईपर्यंत तो कापू नये. यासाठी काही आठवडे किंवा महिने धीर धरावा लागतो, आणि उपाय फसतो तो बहुधा येथेच. पुढे नख सरळ रेषेत, बोटाच्या टोकाइतके लांब ठेवून कापावे.

लिंबात बोट घालून ठेवणे किंवा हळदीचे पोटीस बांधणे हे नखुरड्यावरचे परिचित उपाय आहेत. त्यांनी मांसात शिरलेले टोक निघत नाही.

मधुमेह असलेल्यांना वरील घरगुती उपाय लागू नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. या आजारात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावू शकते, त्यामुळे नख रुतलेले किंवा पाणी जास्त गरम असलेले कळतही नाही. रक्तपुरवठाही कमी असल्यास जखम भरत नाही, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि क्वचित बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. अशा व्यक्तींनी ब्लेड, सुई किंवा नेलकटरने कोपरा कोरू नये आणि नुसती लाली दिसली तरी डॉक्टरांना पाय दाखवावा. वेदना नसणे हे येथे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे.

शस्त्रक्रिया

दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत किंवा त्रास वारंवार उद्भवल्यास शस्त्रक्रिया करतात. संपूर्ण नख उपटण्याची पद्धत जुनी आहे. मूळ शाबूत राहिल्याने पुष्कळ रुग्णांत नवे नखही रुतते. त्याऐवजी आता रुतलेल्या बाजूची केवळ एक पट्टी मुळापर्यंत उभी कापून काढतात आणि तेवढ्याच भागातील मुळावर फिनॉल लावून ते नष्ट करतात. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध केलेले हे रसायन नखाच्या मुळावर वापरण्याची पद्धत बोल यांनी १९४५ साली वर्णिली.

बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भूल देणारे इंजेक्शन दिले जाते. रुग्णाला दुखते ते मुख्यतः तेवढेच. रक्तस्राव रोखण्यासाठी बुडाशी आवळलेले रबरी वेढे काम संपताच काढणे अत्यावश्यक असते. पट्टीखाली ते विसरले गेल्यास बोटाचा रक्तपुरवठा बंद पडतो. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. फिनॉलने एक प्रकारचा रासायनिक भाजा होत असल्याने जखमेतून दोन ते चार आठवडे पाणी झिरपते. तो नेहमीच संसर्ग नसतो. मात्र लाली पसरणे, वेदना वाढणे किंवा ताप येणे ही संसर्गाची चिन्हे होत. बरे झाल्यावर नख पूर्वीपेक्षा कायमचे थोडे अरुंद राहते.