खुरपणीच्या आधीची कामं

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत आमच्या सोसायटीची बाग इतकी हिरवीगार होते, की नव्यानं राहायला आलेल्या वहिनी कौतुकानं म्हणाल्या, ''किती छान हिरवळ राखलीय हो!'' ती हिरवळ म्हणजे हरळी, लव्हाळा, केना आणि गाजर गवत. जास्वंद, मोगरा त्यात शोधावा लागत होता.

तण गुडघ्याएवढं झालं की खुरपणीला दोघी बायकांना बोलवायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एका मावशींनी चहा घेताना पदराखालचे हात पुढे केले. कोपरापर्यंत लाल चट्टे, खाजवून कातडी जाड झालेली. ''ताई, तो गाजर उपटला की असंच होतंय. रात्रीची झोप नाही.'' महिला मंडळातर्फे आम्ही आरोग्य शिबिरं घेतो, आणि हे आमच्याच अंगणात! त्वचेच्या डॉक्टरांनी निदान केलं गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीचं. औषध दिलं, पण त्या गवताजवळ जायचंच नाही, अशी ताकीदही दिली. बाहेर येताच मावशींनी विचारलं, ''मग मी खाऊ काय?''

त्या प्रश्नानं मला कामाला लावलं. तण काढण्यापेक्षा ते उगवूच न देण्याची मजुरी का देऊ नये?

हे गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते ठळकपणे नजरेत आलं ते १९५५च्या सुमारास, पुण्यातच. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. म्हणजे पांढरी फुलं दिसल्यावर उपटणं म्हणजे वरातीमागून घोडं. फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट काढायचं. हे काम आता सोसायटीतले आम्ही आळीपाळीनं करतो. मावशींना त्या बाजूला फिरकू देत नाही.

मावशींकडे काम आहे आच्छादनाचं. पुष्कळशा तणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो, तो मिळूच द्यायचा नाही. आधी वाफा स्वच्छ करून भरपूर पाणी द्यायचं. वर्तमानपत्राचे सहा-आठ पदर एकमेकांवर चढवून अंथरायचे, ते भिजवायचे आणि वर तीन-चार इंच वाळका पाला. गुळगुळीत रंगीत कागद मात्र नको. (तेव्हा मैत्रिणींनो, ही पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकू नका!) झुडपाच्या खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची. आम्ही पहिल्यांदा पाला थेट खोडाला भिडवला आणि एक गुलाब कुजवला. पाला कुजून खाली बसतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी नवा थर लागतो. पूर्वी हाच पाला आम्ही जाळत होतो, आता सांगायलाही संकोच वाटतो.

शेणखत अर्धकच्चं घेऊ नका. गुरांच्या पोटातून आलेलं बी त्यात जिवंत असतं, आणि आपण पैसे मोजून तण विकत आणतो. एप्रिल-मे महिन्यात वाफा रिकामा असेल तर माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीनं दाबायच्या. चार ते सहा आठवड्यांत ऊन आपलं काम करतं. नंतर माती खोल उकरायची नाही, नाहीतर खालचं बी वर येतं.

लव्हाळ्यापुढे मात्र हे सारं लंगडं पडतं. मातीखाली त्याच्या गाठींची माळच असते. खुरप्यानं माळ तुटली की सुट्या झालेल्या गाठींना नवे कोंब फुटतात. कुदळीनं खणून गाठी वेचायच्या, आणि पुन्हा उगवला की पुन्हा वेचायच्या. आमच्या जास्वंदीत तो अजून आहे. घोळ उगवली तर मात्र मी ती तण मानत नाही, सरळ डाळीत घालते.

मावशी आता महिन्यातून दोनदा येतात, पाला गोळा करून पसरतात. हात पूर्ण बरे नाहीत, पण झोप लागते म्हणाल्या. परवाच्या मीटिंगमध्ये खजिनदार म्हणाले, ''बागेत तणच नाही, मग त्यांना पैसे कशाचे?'' त्यांना मी पार्किंगमागच्या, पाला न टाकलेल्या वाफ्यापाशी नेऊन उभं केलं. पुढच्या महिन्यात तो वाफाही मावशींच्या यादीत आला.