मोटारसायकल, हेल्मेट आणि वाऱ्याचा मार

शेतावर जायला, कारखान्यावर यायला, भंडाऱ्याला तहसिलीच्या कामाला आता बहुतेकांजवळ मोटारसायकल आहे. हेल्मेटही आहे, पण पुष्कळदा ते हँडलला लटकलेलं दिसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "घातलं की डोकं हालते, कान भणभणतात." तक्रार खोटी नाही. मात्र दोष हेल्मेटचा नसून वाऱ्याचा असतो, आणि तोही बरेचदा आपणच हौसेनं बसवलेल्या पुढच्या काचेमुळे.

पावसाळ्यात वैनगंगेच्या पुलावरून खाली पाहा. खांबापर्यंत पाणी सरळ येतं, खांबामागे भोवरे सुटतात. काचेचंही तसंच. वरच्या कडेवरून वारा वेगानं निघतो, काचेमागे हवेचा दाब कमी होतो, आणि दोहोंच्या सीमेवर भोवरे फिरतात. हेल्मेट नेमकं त्या पट्ट्यात आलं की डोकं धडधडतं. सरळ येणारा वारा डोकं मागे ढकलतो, पण असा हलवत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी 40 किलोमीटरला जे जाणवत नाही, ते 80 ला मान धरवतं.

आपल्या गाडीची परीक्षा घरची घरी होते. वारा पडलेला असताना, मोकळ्या सरळ रस्त्यावर, ताशी 50 च्या आसपास जरा ताठ बसा, मग जरा वाका. नजर रस्त्यावरच ठेवा. ताठ झाल्यावर धडधड थांबली तर काच खाली घ्या किंवा आखूड लावा. वाकल्यावर थांबली तर काच उंच पाहिजे. बाप आणि मुलगा एकच गाडी चालवतात तिथे एकाला सोयीची काच दुसऱ्याला जाचते, हेही ध्यानात घ्यावे. काचेच्या तळाशी दोन बोटं फट ठेवली तर खालून हवा शिरून मागचा दाब भरून निघतो. ह्याला पैसा लागत नाही. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पुरतं वळतं का, तेवढं पाहावं. काढूनच टाकली तर छातीवर वारा बसेल, पण डोकं शांत राहील.

हेल्मेट ढिलं असेल तर वारा त्याला उचलतो. घालून हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. आयएसआय खूण पाहूनच घ्यावे, पट्टा हनुवटीखाली आवळावा. गळ्यातला दुपट्टा मोकळा सोडू नये. तो फडफडून मान ओढतो आणि चाकात गेला तर जिवावर बेततं.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून जाताना वारा मंद वाटतो. ओव्हरटेक करून बाहेर पडलं की बाजूचा वारा एकदम आदळतो. तेव्हा हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा आणि ट्रॉलीपासून हातभर जास्तच अंतर ठेवा. बाहेर आलेली उसाची टोकं अंधारात दिसत नाहीत.