ऑपरेशनच्या रोग्याला भेटायला जाताना

आमच्या इंझोरीत कोणाचे ऑपरेशन झाले की अकोला, अमरावती किंवा यवतमाळहून रोगी घरी पोहोचण्याआधीच बातमी गावभर झालेली असते. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. रिकाम्या हाताने कोणी येत नाही. बिस्किटांचे पुडे, सफरचंद, शहाळी, पेढे यांनी खाटेजवळचे स्टूल भरून जाते. ही आपुलकी मोलाची आहे. परंतु आणलेल्या वस्तूंपैकी रोग्याच्या उपयोगी किती पडते, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही.

आधी खाण्याचे पाहू. रोग्याला मधुमेह असेल तर पेढे, ग्लुकोजची पावडर आणि गोड बिस्किटे नेऊ नयेत. रक्तातील साखर वाढली की जखम उशिरा भरते व त्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे नीट काम करीत नसलेल्या रोग्याला ते घातक ठरू शकते. म्हणून आधी घरच्यांना विचारावे आणि मगच पिशवी भरावी.

जखम भरून येण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. आपल्याकडे मात्र 'वरण खाल्ले की टाके पिकतात' अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. जखम पिकते ती जंतूंमुळे, डाळीमुळे नव्हे. डॉक्टरांनी वेगळे पथ्य सांगितले नसेल तर मूगडाळ, दूध किंवा डझनभर अंडी ही सफरचंदांपेक्षा स्वस्त आणि जास्त गुणाची भेट होय.

टाके साधारणपणे सात ते चौदा दिवसांत काढतात. टाके निघाले म्हणजे माणूस बरा झाला, असे घरच्यांना वाटते. पण आतल्या थरांना मजबुती यायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. हर्नियाच्या किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर जड वजन उचलू नका, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. पण घरी पाणी भरणारे दुसरे कोणी नसेल तर त्या बाईने काय करावे? माझ्या पाहण्यातल्या अशाच एका बाईची शेजारीण सहा आठवडे रोज तिच्या घरचे दोन गुंड पाणी भरून देत होती. ऑपरेशनच्या रोग्याला यापेक्षा चांगली भेट मी पाहिलेली नाही.

अशा भेटी पुष्कळ आहेत. सोंगणीच्या दिवसांत रोग्याच्या वावरात एक दिवस काम करावे. ड्रेसिंगसाठी त्याला दवाखान्यात घेऊन जावे. खुब्याचे ऑपरेशन झालेल्याला उकिडवे बसता येत नाही. चार नातेवाइकांनी मिळून त्याला वॉकर किंवा कमोडची खुर्ची घेऊन द्यावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन मोफत झाले, तरी सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी हा भार घरावर पडतोच. पाकिटात घालून दिलेले शंभर-दोनशे रुपये अशा वेळी कामी येतात. ऑपरेशन व्हायचे असेल तर निरोगी माणसाने रक्तदान करावे.

रोग्याची खाट खिडकीजवळ हलवून द्यावी. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या 46 रोग्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची पुरली. हा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. आपल्या अंगणातला कडुनिंब तर फुकटच आहे.

काही गोष्टी मात्र मुळीच नेऊ नयेत. त्यात पहिला क्रमांक खर्र्याचा. तंबाखू आणि विडीने रक्तपुरवठा कमी होतो व जखम भरायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट आपला सर्दी-खोकला. रोग्याला त्याची लागण झाली तर प्रत्येक खोकल्याबरोबर पोटाच्या टाक्यांवर ताण येतो. तिसरी म्हणजे अमक्याचे ऑपरेशन कसे बिघडले याच्या कहाण्या.

दहा मिनिटे बसावे, चहाचा आग्रह होऊ देऊ नये. उठताना ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा धाप यांपैकी काही आहे का, ते विचारावे. असल्यास उद्याची वाट न पाहता रोग्याला डॉक्टरकडे पोहोचवावे.