दिवसाला ३२ रुपये ८८ पैसे

जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर पाच लाख माणूस आलं असं धरू. वाडी रत्नागिरी गुलालाने भरलेली, सासनकाठ्यांखाली पाय ठेवायला जागा नाही. अशा १८८ यात्रा एकाच दिवशी भरल्या तर जेवढी माणसं होतील, तेवढ्या शेतकऱ्यांसाठी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वाशिममधून सोडण्यात आला. शेतकरी सुमारे ९ कोटी ४० लाख. प्रत्येकी २ हजार रुपये, म्हणजे १८ हजार ८०० कोटी.

ही यादी वाचायला कुणी बसलं आणि दर सेकंदाला एक नाव घेत रात्रंदिवस वाचत राहिलं, तर शेवटच्या नावापर्यंत पोचायला तीन वर्षांना जेमतेम आठवडा कमी पडेल. दर चार महिन्यांनी एक हप्ता येतो. यादी संपेपर्यंत आणखी आठ हप्ते जमा झालेले असतील आणि नववा तोंडावर आलेला असेल.

आता डोंगरावरून खाली पाहा. एका बाजूला पंचगंगेचं खोरं, दुसऱ्या बाजूला वारणेचं, आणि नजर जाईल तिथवर ऊस. इथल्या शेतकऱ्याला केंद्राचे वर्षाला ६ हजार मिळतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६ हजार. एकूण १२ हजार, दिवसाला ३२ रुपये ८८ पैसे. २०२४-२५ च्या हंगामात उसाची मूळ एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान रास्त दर, टनाला ३,४०० रुपये होती; त्या हिशोबाने वर्षभराचा सन्मान साडेतीन टन ऊस. केंद्राच्या एका हप्त्यात १,३५० रुपयांची डीएपीची एक गोणी आणि २६६ रुपये ५० पैशांची युरियाची दोन पोती येतात. उरतात ११७ रुपये.

तुलनेसाठी अमेरिका घ्या. तिने २०२० मध्ये शेतकऱ्यांना थेट दिलेली मदत साडेचार हजार कोटी डॉलरच्या घरात होती. तिथली शेतं सुमारे २० लाख. सरासरी काढली तर शेतामागे २२ हजार डॉलरांहून जास्त.

तरीही या १२ हजारांना कमी लेखू नये. दहा गुंठेवाल्याला ते गुंठ्यामागे १,२०० रुपये पडतात, पाच एकरवाल्याला गुंठ्यामागे फक्त ६०. छोट्याला वीसपट झुकतं माप देणारी रक्कम सरकारी तिजोरीतून क्वचितच निघते, आणि ही कुणाच्या दारात हात न पसरता खात्यात येते. मला या योजनेतली ही गोष्ट मनापासून मोलाची वाटते.

खताच्या अनुदानाचं गणित नेमकं उलटं चालतं. २०२२-२३ मध्ये, युक्रेनच्या युद्धाने जगभर खतं महागली तेव्हा, केंद्राने त्यावर सुमारे २ लाख ५१ हजार कोटी रुपये खर्च केले. त्या वर्षीच्या किसान सन्मान निधीच्या चौपटीहून जास्त. हा पैसा खात्यात दिसत नाही, पोत्याच्या किमतीत मुरलेला असतो. ज्याची जमीन जास्त त्याची पोती जास्त, आणि ज्याची पोती जास्त त्याचं अनुदान जास्त. उसासारख्या खादाड पिकात तर हा फरक एकराएकराने वाढत जातो.

आणि वाटेकरी? दुसऱ्याचं रान वाट्याने किंवा खंडाने करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून नसतं. सन्मान निधीला १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असावी लागते. त्यानंतर वारसाने आलेली चालते, कसायला घेतलेली चालत नाही. लागण, भांगलण, पाणी पाजणं सगळं तोच करतो, पण ९ कोटी ४० लाखांच्या त्या यादीत तो नाही. सरकारने शेतीसाठी काढलेल्या या दोन मोठ्या रकमांपैकी त्याच्यापर्यंत एकच पोचते: तो खत विकत घेतो तेव्हा, पोत्यामागे जेवढी सवलत असेल तेवढी. हप्ता जमीनमालकाच्या खात्यात जातो, मग तो मालक पुण्या-मुंबईत राहत असला तरी.