खाली आपण, वर भाडेकरू

‘हाऊस हॅकिंग’ हा शब्द नवा असला तरी पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. खाली आपण राहायचं, वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि त्या भाड्यातून घराचा हप्ता भरायचा.

बिडकीनला ऑरिक औद्योगिक शहर उभं राहतंय. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. म्हणून कर्ज काढून खोल्या बांधाव्यात का? आधी हिशोब करा. मी वर्षाला दहाच महिन्यांचं भाडं धरतो. समजा, ४,००० रुपयांच्या दोन खोल्या आहेत. तर ८०,००० धरायचे, ९६,००० नाही. कारण खोली मधे रिकामी राहते, रंग, नळ, मोटर यांचाही खर्च निघतो. एवढ्यात हप्ता बसत नसेल तर थांबा.

दुसरं म्हणजे कागद. “अकरा महिन्यांची नोटरी केली की झालं,” असं गावात सर्रास ऐकू येतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल अन् वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी ऑनलाइनही होते. चावी त्यानंतरच द्या!