दोन ऑक्टोबरची भरती

ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत १६ स्थलांतरित किनारपक्ष्यांची नोंद अधिक धोक्याच्या वर्गात गेली. त्यांतल्या किमान पाच जाती शरदात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरतात. कर्ल्यू सँडपायपर 'संकटसमीप' वर्गातून 'असुरक्षित' वर्गात गेला. ग्रे प्लोव्हर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर 'चिंता कमी' या वर्गातून थेट 'असुरक्षित' झाले, मधली पायरी त्यांनी घेतलीच नाही. डनलिन आणि टर्नस्टोन 'संकटसमीप' झाले. संख्येतील घटीवरून 'असुरक्षित' ठरण्याची किमान अट १० वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, ३० टक्के घट अशी आहे. म्हणजे जिथे १०० पक्षी होते तिथे आता फार तर ७० आहेत.

हा जगाचा आकडा. ठाणे खाडीत, उरणच्या पाणथळीत किंवा अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर १०० चे ७० झाले का, हे तपासायचे तर गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या शरदातल्या मोजण्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील. काम वाटते तेवढे सोपे नाही.

मोजण्याची पद्धत बदलली की आकडा किती हलतो, याचे उदाहरण किनाऱ्यानेच दिले आहे. महाराष्ट्राचा किनारा अनेक वर्षे ६५२.६ किलोमीटर धरला जात होता. केंद्राच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर झाला, म्हणजे ३४.५ टक्के वाढला. गोवा १०१ वरून १९३.९५ किलोमीटरवर गेला, ही वाढ ९२ टक्के. देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटर झाला, ४७.७ टक्के अधिक. जुनी मोजणी १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२.५ लाख प्रमाणाची आहे. खाड्यांची जी वळणे जुन्या नकाशात सरळ रेषेत बुजली होती, ती नव्या नकाशात मोजली गेली. या वाढीतून एका पक्ष्याला उतरायला वीतभरही जास्त चिखल मिळालेला नाही.

पक्ष्यांच्या कामाचा आकडा क्षेत्रफळाचा आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी व चिखल. ऑगस्ट २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा, जाहीर झाला, तो ६,५२१ हेक्टरांना. म्हणजे रामसर क्षेत्राचा २६ टक्के भाग अभयारण्य आहे, उरलेला बहुतेक भाग त्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा. अभयारण्याच्या नावात फ्लेमिंगो आहे. फ्लेमिंगोच्या जाती दोन, खाडीवर नोंदलेल्या पक्ष्यांच्या जाती २०० हून अधिक. फ्लेमिंगोंचा मुख्य मुक्काम हिवाळ्यापासून मेपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरात चिखलावर हक्क असतो तो तुतारी (सँडपायपर), चिखल्या (प्लोव्हर), गॉडविट या पायी फिरून खाणाऱ्यांचा.

हा चिखल दिवसातून दोनदा झाकतो आणि दोनदा उघडतो. त्यामुळे खाडीवरची मोजणी आधी घड्याळाची असते, मग पक्ष्यांची. चिखलाला ५०० मीटरमागे एक मीटर एवढा उतार धरला, तर पाणी एक मीटर चढल्यावर अर्धा किलोमीटर चिखल बुडतो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते. अशा भरत्यांच्या तारखा महापालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते, तेव्हा हा आकडा मुंबईकरांना परका नाही. पूर्ण ओहोटीला तेच पक्षी काही चौरस किलोमीटरवर विखुरतात आणि दुर्बिणीत ठिपके होतात. पूर्ण भरतीला ते बांधावर, मिठागरात किंवा एखाद्या उंचवट्यावर खांद्याला खांदा लावून उभे असतात. या दोन टोकांच्या मध्ये फक्त सहा तास असतात. वर्षभरात झालेली घट या सहा तासांतल्या फरकात सहज लपते, आणि न झालेली घट तितक्याच सहजपणे दिसू लागते.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बारा. हा हिशोब ज्याने पहिल्यांदा मांडला त्याने न लिहिता शेकडो दिवस पाणी पाहिले असणार, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यात एक बारीक तफावत आहे. पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटे, पंधरा तिथींना ११ तास १५ मिनिटे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरती मात्र पुरे १२ तास सरकते. म्हणजे सरासरी दर तिथीला ४८ मिनिटे पडतात, आणि पाऊणपटाऐवजी चार पंचमांश धरले तर हिशोब जुळतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी उंचीच्या भरतीच्या दिवसांत, प्रत्यक्ष वेळ याहूनही मागेपुढे होते. तरी पाण्यात पाय घालायचा की नाही, हे ठरवायला पाऊणपट पुरतो.

आता हा हिशोब २ ऑक्टोबरला लावू. गांधी जयंतीची सुट्टी, पाऊस ओसरलेला, दुर्बीण घेऊन खाडीवर जाणाऱ्यांचा हमखास दिवस. समजा एकच निरीक्षक तीन वर्षे त्याच तारखेला, त्याच जागी, सकाळी आठला उभा राहिला.

२ ऑक्टोबर २०२३ ला संकष्टी चतुर्थी होती. हिशोबाने भरती तीनला, ओहोटी सव्वानऊच्या सुमारास. आठ वाजता पाणी अजून मागे हटत होते आणि पक्षी त्याच्या मागोमाग दूर चालले होते. २ ऑक्टोबर २०२४ ला सर्वपित्री अमावास्या होती. भरती बाराला, ओहोटी सहाच्या आत-बाहेर. आठ वाजता पाणी दोन तास चढलेले होते आणि पुढचे काही तास पक्षी काठाकडे ढकलले जाणार होते. २ ऑक्टोबर २०२५ ला दसरा होता, म्हणजे दशमी. भरती साडेसातला. आठ वाजता निरीक्षक पाण्याकडे पाहत होता. त्यातही दशमी भांगाजवळची, भरतीची उंची कमी, त्यामुळे वरच्या अंगाचा थोडा चिखल उघडाच राहिलेला. तीन वर्षे, एक तारीख, एक जागा, एक वेळ, आणि भरतीच्या वेळा तीन, बारा आणि साडेसात. या तीन सकाळींचे आकडे ओळीने मांडून वाढ-घट काढली, तर ती चंद्राची वाढ-घट असेल.

कारण साधे आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. तीच तारीख दर वर्षी सुमारे ११ तिथी पुढे पडते.

समजा भरती जुळवली. तरी दुसरा अडथळा उरतो, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो खाडीत नाही, सैबेरियात आहे. कर्ल्यू सँडपायपरचे वजन सुमारे ६० ग्रॅम. तो तैमिर द्वीपकल्पाच्या परिसरात, साधारण ७५ अंश उत्तर अक्षांशाला घरटे करतो. मुंबई १९ अंशांवर आहे. ५६ अंशांचा फरक, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे नुसते उत्तर-दक्षिण अंतर ६,२०० किलोमीटर. हा प्रवास सगळे एकत्र करत नाहीत. आधी नर निघतात, मग माद्या, आणि त्या वर्षी जन्मलेली पिल्ले सर्वांत शेवटी, कोणी वाट न दाखवता. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस खाडीवर मोजलेले पक्षी बहुतेक प्रौढ असतात आणि ऑक्टोबरात त्यांत पिल्लांची भर पडते. सप्टेंबरची मोजणी ऑक्टोबरच्या मोजणीशी ताडली, तर दोन वेगळ्या वयोगटांची तुलना होते.

पिल्लांची संख्याही दर वर्षी सारखी नसते. टुंड्रात लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी तीन-चार वर्षांच्या चक्राने वाढतो आणि घटतो. लेमिंग भरपूर असतात त्या वर्षी ध्रुवीय कोल्हे त्यांच्यावर जगतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. लेमिंग कोसळले की कोल्हे अंड्या-पिल्लांकडे वळतात. परिणाम ठाण्यात दिसतो, काही महिन्यांनी. चांगल्या वर्षानंतर लगेच वाईट वर्ष आले, तर खाडीवरची शरदातली संख्या एका वर्षात घटेल आणि ती घट स्थानिक कारणाने झालेली नसेल. निदान एक पूर्ण चक्र, म्हणजे चार वर्षे, एकत्र धरल्याशिवाय 'गेल्या वर्षीपेक्षा कमी' या वाक्याला वजन येत नाही. पिल्लांच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात, चांगल्या स्कोपमधून त्या ओळखता येतात. एकूण आकड्याशेजारी पिल्लांचे प्रमाण लिहिले, तर एकाच सकाळच्या नोंदीत दोन गोष्टी मिळतात: खाडीची स्थिती आणि त्या वर्षीचा तैमिरचा उन्हाळा.

तिसरा अडथळा संथ बदलाचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन २०१७ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर, २०१९ मध्ये ३२० आणि २०२१ मध्ये ३२४ होते. २०२३ च्या अहवालात आणखी १२.३९ चौरस किलोमीटरची वाढ नोंदली गेली, तीही देशाचे एकूण कांदळवन ७.४३ चौरस किलोमीटरने घटले असताना. मासे, खेकडे आणि किनाऱ्याची धूप या तिन्ही दृष्टींनी ही वाढ हवीच. पण ठाणे खाडीत कांदळवनाला जमिनीकडे सरकायला जागा नाही, तिथे बांध, रस्ते आणि वसाहती आहेत. ते वाढते गाळ साचलेल्या चिखलाकडे. तुतारी आणि चिखल्या दाट झाडीत चरत नाहीत, त्यांना शत्रू दुरून दिसेल अशी उघडी जागा लागते. अभयारण्यात कांदळवनाचा वाटा ५३ टक्के आहे. तो ६० टक्के झाला, तर झाडांच्या हिशोबात तो नफा दिसेल आणि चिखलाचे सुमारे ११८ हेक्टर गेलेले असतील. दोन्ही आकडे एकाच पानावर यायला हवेत.

या सगळ्यावर एक उत्तर असे देता येते की नोंदी पुरेशा झाल्या की भरतीचा गोंधळ सरासरीत विरतो. देशपातळीवर ते खरे आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, माणशी सरासरी १,०००. तरीही ९४२ जातींपैकी दीर्घकालीन कल सांगता आला तो ३३८ जातींचा, म्हणजे ३६ टक्क्यांचा. त्यांतल्या २०४ घटल्या, ९८ स्थिर राहिल्या, ३६ वाढल्या. दर पाचांत तीन घटल्या. देशाच्या तीन कोटी नोंदींत जे विरते, ते एका खाडीच्या शंभर नोंदींत विरणार नाही. तिथे प्रत्येक नोंदीला तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ यांबरोबर त्या दिवशीची भरतीची वेळही जोडावी लागेल. हे चार-पाच अंक लिहायला अर्धे मिनिट लागते. भरतीची वेळ नंतर पंचांगातून काढता येते हे खरे, पण भरतीचे पाणी त्या जागी प्रत्यक्ष कुठवर आले होते, ते पंचांग सांगत नाही.

मग २ ऑक्टोबर २०२४ च्या नोंदीशी २०२५ मधला कोणता दिवस ताडायचा? त्याच तिथीचा, म्हणजे सर्वपित्रीचा दिवस धरला, तर २१ सप्टेंबर २०२५. भरती जुळते, पण स्थलांतर ११ दिवस मागे राहते, पिल्लांपैकी अनेक अजून वाटेत असतात. पुढची अमावास्या लक्ष्मीपूजनाची, २१ ऑक्टोबर, म्हणजे १९ दिवस उशिरा. पण भरतीची वेळ अमावास्येला आणि पौर्णिमेला सारखीच असते. कोजागरी ६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री होती आणि ७ तारखेच्या सकाळी पौर्णिमाच चालू होती. ओहोटी सहाच्या सुमारास, भरती बाराला, ऋतूचा फरक केवळ पाच दिवसांचा. ठाणे खाडीवर २०२४ शी तुलना करायला २०२५ च्या शरदातली सर्वांत योग्य सकाळ ती होती. २ ऑक्टोबर २०२४ ला सुट्टी होती. ७ ऑक्टोबर २०२५ ला मंगळवार होता, कामाचा दिवस.