रूट केलेला फोन आणि कार्यालयाचे वायफाय

रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी अनेकजण स्वतःचाच फोन कार्यालयाच्या वायफायला जोडतात. तो रूट केलेला (फोन बनवणाऱ्या कंपनीचे निर्बंध काढून सर्वाधिकार मिळवलेला) असेल, तर ‘धोका माझ्यापुरताच’ हा समज टिकत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असते. रूट म्हणजे वाड्यातल्या सगळ्या खोल्यांना चालणारी एकच किल्ली. ती घातक ॲपच्या हाती लागली, की फोनमधले कार्यालयाचे ईमेल, पासवर्ड उघडे पडतात आणि त्याच वायफायवरचे संगणकही टप्प्यात येतात. २०१५मध्ये ‘की-रेडर’ या घातक सॉफ्टवेअरने जेलब्रेक केलेल्या (असेच निर्बंध काढलेल्या) आयफोनांतून २.२५ लाखांहून अधिक खात्यांची माहिती चोरली. जुना फोन आणखी काही वर्षे चालावा म्हणून जाणकार रूट करतात, तेही रास्तच. पण मालकाची खबरदारी नेटवर्कला दिसत नाही. अशा फोनला पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय द्यावे.